निंबळवाडीला मोटार गेली

माघातल्या एका संध्याकाळी माझा मेव्हणा ज्ञानू घोंगड्या विकायला सोलापुरात आला होता. घोंगड्या विकून झाल्यावर तो माझ्या खोलीवर आला, उंबऱ्यात बसला, पटका काढून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, "दाजी, उद्या माज्याबरूबर चला. येत्या बाजाराला गावात मोटार याची हाय. आई म्हनली, दाजींना घेतल्याबिगर तोंड दावू नगंस."

निंबळवाडी हे माझ्या सासरचे गाव. मंगळवेढ्याच्या पलीकडे जतच्या रस्त्याला काही कोस गेल्यावर डावीकडे एक गाडीवाट फुटते, तिच्या शेवटी ते आहे. गाडीवाट म्हणजे बैलगाडीची चाके जिथून गेली ती वाट. मधे एक ओढा आडवा आहे. पावसाळ्यात त्या ओढ्याला पाणी आले की गाव चार-चार दिवस जगापासून तुटते. गेल्या आषाढात माझी बायको चंद्रा वारली तेव्हा असेच पाणी होते. निरोप घेऊन गेलेला माणूस अलीकडच्या काठावर बसून राहिला. पाणी उतरून निरोप पोचला तोवर सोलापुरात सगळे आटोपले होते. आईला लेकीचे तोंड दिसले नाही.

त्यामुळे दुखवटाही राहून गेला होता. आमच्याकडे घरचे माणूस गेले की पाहुण्यांनी मागे राहिलेल्याला नवी टोपी द्यायची, गोड घास भरवायचा, मग त्याने पुन्हा चारचौघांत मिसळायचे. माझ्याकडे कोणी आले नव्हते आणि मीही कोणाकडे गेलो नव्हतो. गिरणीच्या कचेरीत कारकुनी करायची, खोलीवर यायचे. मला तसेही फारसे बोलता येत नाही. घरातले बोलणे चंद्राच्या वाट्याचे होते.

जावे की नाही याचा मी रात्रभर विचार केला. बायकोच नाही तर सासरवाडी कसली? मग वाटले, एकदा शेवटचे जाऊन यावे. सकाळी कचेरीत जाऊन आठवड्याची रजा मागितली. साहेबांनी लगेच दिली. मी कधी रजा मागत नसल्यामुळे त्यांना नवल वाटले असावे.

मंगळवेढ्याची सर्व्हिस मोटार बाळीवेशीजवळून सकाळी निघते. निघण्याची वेळ ठरलेली आहे, पण मोटार भरली की ती निघते, हे जाणाऱ्याने धरून चालावे. भाडे बारा आणे. दोन आणे जास्त दिले की ड्रायव्हरशेजारची जागा मिळते, आणि ते दोन आणे वाया जात नाहीत. मागे धूळ, गाठोडी आणि एखादी कोंबडी यांत बसावे लागते. ज्ञानूने मला पुढे बसवले आणि स्वतः मागे जाऊन उरलेल्या घोंगडीत डोके घालून झोपला.

मोटारीचे मालक आणि ड्रायव्हर एकच, हुसेनभाई. अंगाने भरलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा मनुष्य. एका हाताने चक्र आणि दुसऱ्याने रबरी भोंगा. वाटेत म्हैस, बैल, ओळखीचा मनुष्य यांपैकी काहीही दिसले की भोंगा वाजायचा. शहर मागे पडले तशी दोन्हीकडे शाळूची शेते सुरू झाली. कणसे भरून वाकली होती. काळ्या रानात इतका शाळू एकदम पाहिला की डोळे निवतात. मी किती दिवसांनी असे लांब पाहत होतो!

भीमेच्या पात्रात सगळ्यांना उतरावे लागते. पाणी पिंडरीपर्यंतच होते, पण वाळूत चाके रुततात म्हणून उतारूंनी चालत जायचे आणि मोटारीला मागून लोटायचे. एक म्हातारी म्हणाली, "बारा आनं देऊन मोटारच ढकलायची, तर घरी काय वाईट हुतं?" सगळे हसले. मी पण हसलो. पायांना पाणी गार लागत होते.

नदी ओलांडून पुढे संस्थानची हद्द लागते. तिथे मी हुसेनभाईंना निंबळवाडीचे विचारले.

"जाना है ना," ते म्हणाले. "तुमच्या पाटलाने पाय धरले माझे. बोला, एकदा येऊन बघा. मैं बोला, बघतो. पण भाऊ, पेट्रोल काय वढ्याचं पाणी हाय व्हय? बाजाराच्या दिवशी गावातनं माणसं भरून मिळाली, तर हर बाजारला मोटार. नाय मिळाली, तो सलाम. दुसरी खेप नाय."

"पाटलांना हे सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? मोटार माणसांसाठीच असते ना!"

मी मागे वळून पाहिले. ज्ञानू घोरत होता. मोटारीसाठी पाय धरणारे गाव तिच्यात बसेलच, असे मला वाटले.

मंगळवेढ्यात दुपार झाली. स्टँडजवळच्या खानावळीत भाकरी, डाळ आणि शेंगदाण्याची चटणी तीन आण्यांत पोटभर मिळते. चटणी जपून घ्यावी. तिथून ज्ञानूच्या ओळखीच्या बैलगाडीने आम्ही निघालो. फाट्यावरून आत वळल्यावर मी ओढ्यापाशी उतरलो. उतार ओळखू येईना! गावाने दोन्ही काठ खणून सरळ केले होते, तळाला दगड बसवून वर मुरूम टाकला होता.

"कधी केलंत?"

"संक्रांतीपास्नं चाललंय," ज्ञानू म्हणाला. "घरटी एक मानूस. आई बी आली मुरूम टाकाया. पाटील म्हनलं, म्हातारे, तू बस. तर तिनं पाटलालाच पाटी दिली."

ती बाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना मामी म्हणतो, अंगणात उभ्या होत्या. माझ्या पायांवर पाणी घातले. रडतील अशी मला धास्ती होती. त्या मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "जावईबापू, हाटेलातलं खाताय न्हवं? दिसतंयच की."

त्याच संध्याकाळी दुखवटा काढला. चार माणसे बोलावली होती. मला नवी टोपी घातली. मामींनी गुळाच्या शिऱ्याचा घास माझ्या तोंडात घातला. सगळे दुसरीकडे पाहत बसले, मग पाटील खाकरून म्हणाले, "यंदा शाळू बरा हाय," आणि बोलणे सुरू झाले.

पाहुणे गेल्यावर मामी चुलीपुढे बसून म्हणाल्या, "तुमी दुसरं लगीन करा, न्हाय तर नगा करू, त्यो तुमचा इचार. पर येत जावा. लेक गेली की जावई तुटतो, आमाला ठावं हाय. कोन एवढी वाट तुडवीत यील? मोटार लागली, तर निदान सणाला या म्हनायला तोंड ऱ्हाईल मला."

शेवटचे म्हणून आलो आहे, हे त्यांना कसे सांगायचे?

दुसरा दिवस फार चांगला गेला. ज्ञानूने मला गाव फिरवून दाखवले. गाव लहान. शिरगणतीवाल्यांनी गेरूने लिहिलेले आकडे अजून दारांवर आहेत. आकडे पाहत गेले की चार दारे उघडी, मग एक कुलूपबंद. ज्ञानू प्रत्येक कुलपाचा इतिहास सांगत होता. "हे गिरनीत. हे बी गिरनीत. हे मेंढरं घेऊन खाली गेल्यात, येतील. ह्ये रुसून गेल्यात, न्हाय येनार." मग थांबून म्हणाला, "दाजी, आमचं गाव दोन जागी मोजाय पायजे. निम्मं हितं, निम्मं सोलापुरात."

"मोटार आली तर उरलेलंही जाईल की," मी म्हणालो.

"जाईल की. पर आता गेल्यालं याला बी वाट न्हाय. तुमच्या शेजारचा सदा, त्याची आई हितं वाट बघती. त्यो म्हनतो, येक दिस जायाला, येक याला, गिरनी रजा देतीया व्हय?"

दुपारी रानात हुरडा केला. शेणकुटाच्या आगटीत कणसे भाजून, चोळून, गरम दाणे तळहातावर घ्यायचे. बरोबर गूळ, लसणाची चटणी, घट्ट दही. सोलापुराहून इकडे येणाऱ्याने पौष-माघ हे दोन महिने सोडू नयेत. पैसे देऊ केल्यास शेतकरी रागावतो, म्हणून विडीचा किंवा चहाचा एखादा पुडा जवळ असावा. शेजारच्या वस्तीवरच्या बाया आल्या होत्या. त्यांनी मला चंद्राच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. ती बाभळीवर चढून शेळ्यांना शेंगा पाडायची आणि खाली उतरता येईना म्हणून बोंबलायची, हे मला माहीत नव्हते. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आले, आणि ते धुराने आले असे कोणालाही सांगावे लागले नाही.

मी चार-पाच दिवस राहायचे ठरवले होते. मामींनी त्या हिशेबाने काय काय करायचे याची आखणी केली होती. सोमवारी धपाटी, मंगळवारी कोंबडी.

बाजाराचा दिवस तिसराच. पहाटेपासून गावात सणासारखी गडबड. रस्ता झाडून सडा घातला होता. घरोघरी पुरण शिजत होते. मंगळवेढ्याला नेण्याची गाठोडी दारात बांधून ठेवली होती: शेंगा, अंडी, लोकर, दोरखंड, कोणाचे एक कोकरू.

भोंगा ऐकू आला तशी हलगी सुरू झाली. माणसे ओढ्याकडे धावली. मोटार उतारावर आली, थबकली, मग पाणी उडवीत या काठाला चढली. एवढी आरडाओरड झाली की हुसेनभाईंनी घाबरून ब्रेक दाबला. मग उमजले तसे ते दाढीत हसले. मोटारीच्या पुढे हलगी, मागे सगळे गाव, अशी मोटार देवळापुढे आली.

पाटलीणबाईंनी चारी चाकांवर पाणी घातले. टपावर हळदकुंकू वाहिले. पुढचे दोन कंदील म्हणजे मोटारीचे डोळे, त्यांनाही कुंकू लागले. मामींनी पुरणपोळीचा निवद मोटारीच्या नाकापुढे ठेवला. एका म्हाताऱ्याने विचारले, "हुसेनभाई, ही खाती काय?"

"पेट्रोल खाती, बाबा! पुरणपोळी मी खातो!"

त्यांना पंक्तीत मानाच्या पाटावर बसवले. चार पोळ्या झाल्यावर हात जोडून "बस, बस" म्हणत ते उठले, मोटारीत बसले आणि भोंगा वाजवला. "चला, मंगळवेढा! बाजार! बसा!"

सगळ्यांनी गाठोडी उचलली, डोक्यावर घेतली, आणि मोटारीच्या बाजूने चालायला लागले.

हुसेनभाई पाहत राहिले. "अरे, बसा की!"

"चला चला, तुमी व्हा फुडं," पाटील प्रेमाने म्हणाले. "आमी येतो चालत."

बाया चालल्या, बाप्ये चालले, कोकरू चालले. जाताजाता जो तो मोटारीला हात लावून पाया पडत होता. एकही माणूस चढेना. मी निंबाखाली उभा होतो तिथून मला हुसेनभाईंचे तोंड दिसत होते. आधी त्यांना गंमत वाटली, मग हळूहळू ते तोंड उतरत गेले. शेवटी ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "भाऊ, पोळ्या खाऊ घातल्या, मान दिला, मगर ये लोग चालनेवाले हैं. इनको मोटार कशाला? मैं जाता."

आणि ते मोटार सुरू करायचा दांडा घ्यायला खाली वाकले.

माझ्या लक्षात आले. बाजारातून नवा बैल घरी आला की त्याच्या खुरांवर पाणी घालतात, कुंकू लावतात, निवद दाखवतात, आणि त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. पहिल्या दिवशी ओझे घातले तर जनावराला खोड लागते म्हणतात. मोटारीला गावाने नव्या बैलाचाच मान दिला होता. आज तिच्यावर बसणे म्हणजे तिचा अपमान. येत्या बाजाराला सगळे बसणार होते. पण येता बाजार येणारच नव्हता.

मी ज्ञानूला बाजूला ओढून हुसेनभाईंची अट सांगितली. त्याने पाटलांना सांगितले. पाटील देवळाच्या पायरीवर बसले.

"आता? पयल्याच दिशी जुंपायची? मोटारीला खोड लागंल की."

"पाटील, ती यंत्र हाय," ज्ञानू म्हणाला, "बैल न्हाय."

"यंत्राला निवद दावला कुनी? तुज्या आयनंच न्हवं?"

"मग रीत लावली ती लावली," दुसरा म्हणाला. "आता मधीच यंत्र कशी हुईल ती?"

तिकडे दांडा फिरत होता. मोटार दोनदा खोकली. मी हुसेनभाईंकडे गेलो, थांबा म्हणालो. 'आज नाही, पुढच्या खेपेला बसतील' हे त्यांनी ऐकून घेतले नसते. उतारू न मिळालेल्या प्रत्येक गावाने त्यांना हेच सांगितले असणार.

एवढ्यात मामी गर्दीतून पुढे आल्या. कमरेला पदर खोचलेला, हाताला पुरण. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला विचारले, "जावईबापू, तुमी कवा निघताय?"

मला क्षणभर कळले नाही. मी आणखी तीन दिवस राहणार हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. धपाट्यांचे पीठ त्यांनी कालच दळले होते. त्या माझ्याकडे एकटक पाहत होत्या. आणि मग कळले. जावई निघाला की त्याला सोडायला गाडी जुंपायचीच असते. बैल जुना असो की काल आलेला असो. जावयाला चालत लावले तर गावाची अब्रू जाते. नव्या बैलाला जी सुट्टी असते ती जावयापुढे नसते.

"आत्ताच," मी म्हणालो.

"आत्ताच निघालं!" मामी पाटलांकडे वळल्या. "माजा जावई चालत जानार व्हय?"

पाटील उठून उभे राहिले. चेहरा उजळला होता. "चालत? निंबळवाडीचा जावई? आवं, येका घराचा जावई म्हंजी गावाचा जावई! गावानं सोडाया जायाचं! ए, बसा रे! जावयाला सोडायचं हाय!"

पुढे गेलेली माणसे उलटी पळत आली. मला उचलूनच पुढच्या जागेवर बसवले. मागे मग जे झाले ते मी वळून पाहिले तेव्हा मला मोजता आले नाही. आत माणसे, दारात माणसे, टपावर गाठोडी आणि गाठोड्यांवर माणसे. हुसेनभाई ओरडत होते, "अरे बस! अरे टायर का सोचो! दोन खेपा करतो, दोन! उतर रे!" कोणी उतरेना. शेवटी पाटील स्वतः उतरले आणि निम्म्या गावाला दुसऱ्या खेपेसाठी उतरवले.

ज्ञानूने माझी पिशवी आणून दिली. तिच्यात मामींनी एवढ्यात काय काय कोंबले होते कोण जाणे, ती दुप्पट झाली होती. त्या खिडकीशी आल्या. मी म्हटले, "मामी, तीन दिवस राहिले."

"ऱ्हाऊ द्या की," त्या म्हणाल्या. "मोटार हाय आता."

उतारावर मोटार खाली झुकली तशा सगळ्या बाया एकदम किंचाळल्या, आणि पलीकडे चढली तशा एकदम हसल्या. मग एकीने ओवी धरली. कोकरू माझ्या मांडीवर येऊन बसले होते. फाट्यावर एक म्हातारा मला म्हणाला, "पाव्हणं, तुमी लई झ्याक जावई हाय. दर बाजारला निघत जावा."

मंगळवेढ्यात सगळ्यांनी भाडे दिले, माझे मात्र हुसेनभाईंनी घेतले नाही. दुसऱ्या खेपेसाठी वळताना ते म्हणाले, "भाऊ, सच बोलतो, मैं बोला होता ये गाव में माणूसच नाही. कुठं होते इतके?"

"घरातच होते," मी म्हणालो.

त्यानंतर तीन महिने झाले. बाजाराच्या दिवशी निंबळवाडीला मोटार जाते-येते. कोणाला जायचे असल्यास त्या दिवशी मंगळवेढ्याच्या स्टँडवर सकाळीच पोचावे, कारण जागा मिळत नाही. आमच्या शेजारचा सदा दोनदा जाऊन आला. राहण्यासाठी धर्मशाळा नाही, पण देवळात झोपू देतात आणि जेवायला कोणीतरी बोलावतेच. मी होळीला गेलो होतो. राहिलेली धपाटी खाल्ली.

काय मिळाले म्हणाल, तर मला नीट सांगता येत नाही. झोप येऊ लागली आहे. कचेरीत लोक म्हणतात मी बोलतो. एवढेच लिहून मी हा मजकूर संपवणार होतो.

पण परवा संध्याकाळी दारात ज्ञानू आणि त्याच्यामागे मामी उभ्या होत्या. डोक्यापासून पायांपर्यंत धुळीने पांढऱ्या. आमच्या लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत त्या या खोलीत कधी आल्या नव्हत्या. वाट नव्हती हे एक. दुसरे असे की, लेकीला मूल होईतो तिच्या घरचे पाणीही आईने पिऊ नये अशी रीत आहे, आणि आम्हाला मूल झाले नाही.

त्यांनी खोली पाहिली. भांडी पाहिली. चुलीपाशी जाऊन विचारले, "हितं बसायची व्हय?"

"तिथंच."

त्या तिथे बसल्या. चुलीवर हात फिरवून म्हणाल्या, "लेकीच्या घरचं पानी प्यायचं नसतंय म्हनून आले न्हाय. आता हे माज्या लेकाचं घर हाय. द्या पानी."

मी तांब्या भरून दिला. त्यांनी तो तोंड न लावता वरून एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला.

"आनखी द्या," त्या म्हणाल्या. "मोटारीत लई धूळ हो."